ही कुठल्या कप्प्यात?

गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, रेकॉर्डींच्या दुकानात, तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात. शनिवारची दुपार. पंखा इकडची धूळ तिकडे करतोय. दुकानाच्या मालकांना गल्लीत सगळे काका म्हणतात, तुम्हीही म्हणता. देश सोडून चाललेल्या कुणाकडून काकांनी खोकंभर रेकॉर्डी उचलल्यात. सगळा माल क्लबात वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा. काकांचा हात बसलेला नाट्यसंगीतावर आणि जुन्या हिंदी सिनेमावर, म्हणून हे काम त्यांनी तुमच्या गळ्यात घातलंय. "लावून द्या, एक रेकॉर्ड तुमची."

पुठ्ठ्याच्या पाट्या त्यांनी कुणाला तरी विचारून आधीच लिहून ठेवल्यात. डिस्को, हाउस, ॲसिड हाउस, टेक्नो, गोवा ट्रान्स, जंगल. सातवी पाटी कोरी.

"ही कोरी कशाला?"

"असतं एखादं पोरकं."

पहिली दहा मिनिटं हात झरझर चालतो. मग एका रेकॉर्डीपाशी थांबतो. चरणजित सिंग, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. मूळ १९८२ ची, ही २०१० ची नवी छापील प्रत. काका ती लावतात. भैरव सुरू होतो. त्याच्याखाली यंत्राचा सरळ, न थकणारा ठेका, आणि रबर ताणून सोडावं तसा एक स्वर.

"हे तर ॲसिड हाउस!" दारात उभा असलेला कॉलेजातला मुलगा म्हणतो.

"१९८२ चं आहे हे. तेव्हा ॲसिड हाउस होतं कुठं?" काका.

"भैरव आहे, शास्त्रीयात ठेवा," पेपर वाचत बसलेले शेजारचे आजोबा म्हणतात.

"पण मुळात एवढे कप्पे हवेतच कशाला?" मुलगा चिडतो. "संगीत ते संगीत."

काका सुई उचलतात. "पाट्या मी लिहिल्या, नावं मी ठेवलेली नाहीत. ज्यांनी ठेवली त्यांना विचारून या." आणि 'हाउस' लिहिलेला पुठ्ठा ते तुमच्या हातात देतात.

शिकागो, १९८१

पुठ्ठा हातातच आहे, पण अंगाला घाम सुटलाय आणि तो मुंबईचा नाही. रविवारची पहाट. साउथ जेफरसन रस्त्यावरची २०६ क्रमांकाची इमारत, एकेकाळचा कारखाना, आता 'वेअरहाऊस' नावाचा क्लब. दारू मिळत नाही, ज्यूस आणि पाणी मिळतं. आजूबाजूला बहुतेक तरुण काळे आणि लॅटिनो आहेत, त्यांतले कितीतरी समलिंगी. या शहरात बिनधास्त नाचायला त्यांना दुसरी जागा फारशी नाही. काल रात्री आलेली माणसं अजून नाचतायत.

दिवे जातात. मिट्ट काळोखात एका भिंतीकडून आगगाडी येते, तुमच्या छातीतून जाते आणि दुसऱ्या भिंतीतून निघून जाते. लोक किंचाळतात. ध्वनिपरिणामांची एक रेकॉर्ड वाजवून हा खेळ करणारा माणूस म्हणजे न्यूयॉर्कहून आलेला डीजे फ्रँकी नकल्स. आगगाडी गेल्यावर पुन्हा गाणं सुरू होतं. तुम्ही कान देऊन ऐकता आणि चकित होता, कारण हे डिस्कोच आहे. फिलाडेल्फियाची, न्यूयॉर्कची, काही युरोपातली. कुठं एखादा तुकडा टेप कापून लांबवलेला, कुठं ठेका दामटलेला, पण डिस्कोच.

मग तसं म्हणत का नाहीत? दोन वर्षांपूर्वी, १२ जुलै १९७९ ला, याच शहरातल्या कोमिस्की पार्कच्या बेसबॉल मैदानात एका रेडिओ निवेदकाने पुढाकार घेऊन दोन सामन्यांच्या मधल्या वेळात पेटीभर डिस्को रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या होत्या. प्रेक्षक मैदानात घुसले आणि यजमान संघाला दुसरा सामना न खेळताच हरल्याचं मान्य करावं लागलं. त्यानंतर हा शब्द या शहरात शिवीसारखा वापरला जातो. संगीत जिवंत आहे, नाव जळालंय.

सोमवारी तुम्ही 'इम्पोर्ट्स इटसेटरा' या रेकॉर्डच्या दुकानात उभे आहात. गिऱ्हाईक येतं, गाण्याचं नाव त्याला ठाऊक नाही, गायिकेचं नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की शनिवारी रात्री 'तिथं' वाजलं ते हवंय. असे दहा जण आले की दुकानदार काय करणार? 'वेअरहाऊसमध्ये वाजतं ते' अशी चिठ्ठी तो कप्प्यावर लावतो. मग आळसाने म्हणा, सवयीने म्हणा, चिठ्ठीवर उरतं नुसतं 'हाउस'. नकल्स स्वतः वेगळी हकिकत सांगत: दक्षिण शिकागोतल्या एका बारच्या खिडकीत आपण 'इथे हाउस म्युझिक वाजतं' अशी पाटी पाहिली होती. हकिकती दोन, पण दोन्हींत नाव आलंय दुकानाच्या कप्प्यातून नाहीतर बारच्या खिडकीतून. संगीतकाराने ते ठेवलेलं नाही.

आणखी एक गंमत तुमच्या लक्षात येते. पहिली हाउस रेकॉर्ड म्हणून सहसा जिचं नाव घेतात ती जेसी साँडर्सची 'ऑन अँड ऑन' यायची आहे १९८४ मध्ये. म्हणजे नाव आलं तेव्हा त्या नावाचं संगीत अजून कुणी बनवलंच नव्हतं. बारसं आधी झालं, बाळ मागाहून आलं.

शिकागो, पुन्हा, काही वर्षांनी

'ॲसिड हाउस'च्या पुठ्ठ्याने तुम्ही त्याच शहरात येता. क्लब मात्र दुसरा, 'म्युझिक बॉक्स'. अंधार जास्त, आवाज जास्त. डीजे रॉन हार्डी. फ्यूचर नावाच्या गटातल्या तीन पोरांनी त्याला एक टेप आणून दिलीय. त्यांच्या घरी रोलंड कंपनीची टीबी-३०३ नावाची चंदेरी पेटी आहे. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला साथीला बेस वाजवणारा मिळावा म्हणून ही पेटी काढली होती. तिचा आवाज बेससारखा लागेना, खप होईना, १९८४ मध्ये कंपनीने ती बंद केली. आता ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. पोरांनी तीच पट्टी चालू ठेवून खुंट्या फिरवल्या आणि आवाज कण्हायला, चिरकायला, डराव डराव करायला लागला.

हार्डी टेप लावतो. नाचणारे बाजूला होतात, जागा रिकामी. तो दुसऱ्यांदा लावतो. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा लावतो तेव्हा तुमच्या शेजारचा माणूस पाठीवर पडून हातपाय झाडतोय आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. त्या टेपला नाव नसतं. लोक आपसांत म्हणायला लागतात, 'रॉन हार्डीचा तो ॲसिड ट्रॅक'. १९८७ मध्ये ती रेकॉर्ड बाजारात येते तेव्हा तिचं नाव असतं 'ॲसिड ट्रॅक्स'.

हे नाव नाचणाऱ्यांनी ठेवलं आणि ते ठेवलं एका आवाजाला. पुढच्याच वर्षी ते समुद्र ओलांडून इंग्लंडला गेलं. पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचे टी-शर्ट आले आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्या शब्दाचा अर्थ बदलून नशेची पुडी झाला. शिकागोत ज्याने 'तो चिरकणारा आवाज' ओळखला जायचा, तो शब्द वाचून लंडनमधल्या आया पोरांचे खिसे तपासू लागल्या. नाव प्रवासाला निघालं की सामान बरोबर नेईलच असं नाही.

डेट्रॉइट, १९८८

शिकागोपासून साधारण साडेचारशे किलोमीटर. मोटारींचं शहर, अर्धे कारखाने ओस पडलेले. ग्रॅशट ॲव्हेन्यूवर एकमेकांना लागून तीन छोट्या कंपन्या: हुआन ॲटकिन्सची, डेरिक मेची, केव्हिन साँडरसनची. तिघं शाळेपासूनचे दोस्त. लंडनमध्ये त्यांच्या गाण्यांचा एक संग्रह निघणार आहे आणि त्याचं नाव जवळपास ठरलंय, 'डेट्रॉइटचं हाउस संगीत' अशा धर्तीचं. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. शिकागोचं हाउस लंडनमध्ये खपतंय, त्याच्या शेजारी हे ठेवलं की हेही खपेल.

पण ॲटकिन्स शेवटच्या घडीला एक गाणं पाठवतो, त्याचं नावच 'टेक्नो म्युझिक'. हा शब्द तो आधीपासून वापरतोय. १९८४ मध्ये त्याच्या सायबोट्रॉन या गटाचं 'टेक्नो सिटी' आलं होतं, आणि शब्दाचं बी पडलं होतं ॲल्विन टॉफलरच्या पुस्तकातल्या 'टेक्नो-बंडखोरां'वरून. संग्रहाचं नाव बदलतं: 'टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट'.

तुम्हाला दोन्ही शहरांच्या रेकॉर्डींत फार फरक ऐकू येत नसेल, तर लाजू नका. त्या वर्षी बऱ्याच जणांना येत नव्हता. तीच रोलंडची यंत्रं, तोच चार ठोक्यांचा ठेका. पण कोल्हापूरकरासमोर पुण्याची मिसळ ठेवून 'मिसळ ती मिसळ' म्हणून बघा. बशीत मटकी, फरसाण, तर्री आणि पावच असतो. वाद पदार्थांचा नसतोच. 'आम्ही तुमची शाखा नाही' हे सांगायला एक शब्द लागतो, आणि ॲटकिन्सला तो लागला. हाउस हे नाव गिऱ्हाइकाच्या सोयीचं होतं, हे नाव अभिमानाचं. दोन नावं झाली आणि पुढच्या संगीतकारांना दोन वाटा दिसल्या. कालांतराने दोन्ही संगीतं खरोखरच एकमेकांपासून लांब गेली. नावाने आधी फरक मानला, मग घडवला.

हणजूण, १९९१

पुढचा पुठ्ठा ओला लागतो, खारा. पौर्णिमा. माडांच्या आणि बांबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत स्पीकर, समोर दोनतीनशे गोरे पाय लाल माती उडवतायत. कडेला चटयांची रांग. प्रत्येक चटईवर रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहाचं भांडं, ऑम्लेटची अंडी, आणि त्यामागे गावातली एक बाई बसलेली. तुम्ही एका मावशीच्या चटईवर टेकता.

डीजेसमोर टर्नटेबल नाहीत. गोव्याच्या उन्हात काळ्या तबकड्या वाकतात, म्हणून इथे सगळं डॅट टेपवर. जपानी कंपन्यांनी १९८७ मध्ये आणलेली ही छोटी डिजिटल कॅसेट खिशात मावते. पण तिचा वेग कमीजास्त करता येत नाही, त्यामुळे एका गाण्याचा ठेका दुसऱ्यावर बेमालूम चढवता येत नाही. मग इथे वाजणाऱ्या गाण्यांना हळूच उमलणारी सुरुवात आणि हळूच विरणारा शेवट हवाच. पुढे ज्याला या संगीताचा 'आध्यात्मिक' स्वभाव म्हटलं गेलं, त्यातला थोडा हिस्सा तरी ऊन आणि यंत्राची मर्यादा यांच्याकडे जातो.

सत्तरच्या दशकात इथल्या किनाऱ्यावर हिप्पी गिटार वाजवत होते. ऐंशीच्या दशकात मूळचा कॅलिफोर्नियाचा जटाधारी गोवा गिल आणि त्याच्या बरोबरीचे काही जण यंत्रांच्या संगीताकडे वळले. या क्षणी तुम्ही मावशींना विचारता, "याला काय म्हणतात हो?" त्या चहा गाळता गाळता तुमच्याकडे बघतात. त्यांच्या लेखी याला एकच नाव, पार्टी. नाचणाऱ्यांना विचाराल तर तेही खांदे उडवतील.

'गोवा ट्रान्स' हे नाव इथे जन्मलेलं नाही. इथून टेपा घेऊन घरी परतलेल्यांनी लंडनमध्ये आणि इतरत्र तसं संगीत बनवायला, विकायला सुरुवात केली तेव्हा १९९४-९५ च्या सुमाराला ते रूढ झालं. १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकेनफोल्डने बीबीसी रेडिओ १ वर दोन तासांचा 'गोवा मिक्स' वाजवला आणि ज्यांनी मांडवी पाहिलीही नाही त्यांच्या कानांत 'गोवा' हा एक आवाज झाला. या नावात मांडो नाही, देखणी नाही, तियात्र नाही, चटईवरच्या मावशी तर नाहीतच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई केली, हणजूणच्या रात्री आक्रसल्या, तरी इस्रायलपासून जपानपर्यंत रेकॉर्डींवर गोवा नांदतोच आहे.

याला फसवणूक म्हणावी का? थांबा. किराणा घराणं हे नाव उत्तर प्रदेशातल्या कैराना गावाचं. पण आपल्याकडे ते गाणं फुललं मिरजेत, जिथे अब्दुल करीम खाँ येऊन राहिले आणि जिथे त्यांची कबर आहे. मिरजकर कुणी 'हे मिरज घराणं का नाही?' असं विचारत नाहीत. गावाचं नाव लागलं म्हणजे त्या गावाचा उतारा हाती आला असं होत नाही. मात्र किराण्याच्या गवयांचं गाणं तरी कैरानाहून निघालं होतं. हणजूणच्या मावशींच्या वाट्याला त्या नावातून आलं ते चहाचे पैसे.

लंडन, १९९४

सोहोत डार्बले स्ट्रीटवर 'ब्लॅक मार्केट रेकॉर्ड्स'. वर हाउस, तळघरात जंगल. तुम्ही जिना उतरता. काउंटरमागचा माणूस नवी रेकॉर्ड लावतो, वीस सेकंद वाजवतो, समोर हात वर होतात, प्रती वाटल्या जातात, पुढची रेकॉर्ड. मिनिटाला एकशेसाठ-सत्तर ठोके. सगळ्या रेकॉर्डींत तोच एक ढोलाचा तुकडा तुकडे तुकडे करून पुन्हा जुळवलेला. तो १९६९ चा आहे, विन्स्टन्स या गटाच्या 'आमेन, ब्रदर'मधला, जेमतेम सात सेकंदांचा. तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याचा पैसा कधी मिळाला नाही.

इथे तुम्हाला कप्प्यांचा उपयोग हाताने मोजता येतो. शेजारच्या पोराच्या खिशात तीन रेकॉर्डींचे पैसे आहेत आणि शनिवारी त्याला दोन तास वाजवायचंय. हाउसचा ठेका मिनिटाला एकशेवीस-तीसचा. तो या एकशेसाठांत मिसळला तर नाचणारे अडखळतील. त्याला पाटी हवी, आणि ती बारीक हवी: रेगेचा आवाज असलेलं जंगल, काळोख्या सुरांचं, उड्या मारायला लावणारं. गिरगावातल्या मुलाचं 'संगीत ते संगीत' इथे तीन मिनिटंही टिकणार नाही.

पण याच तळघरात दुसरी पाटीही लागते, 'इंटेलिजंट'. मऊ, जॅझकडे झुकणाऱ्या जंगलला 'बुद्धिमान' म्हणायला लागतात. 'जंगल' या शब्दाला काळ्या वस्त्यांचा, भांडणांचा वास येतो असं ज्यांना वाटतं, ते 'ड्रम अँड बेस' म्हणू लागतात. आता पाटी कुठलं गाणं कुठे हे सांगत नाही. कोण चांगल्या घरातलं हे सांगते. आपल्याला हे नवं नाही. 'सुगम संगीत' म्हटलं की उरलेलं दुर्गम ठरतं, 'शास्त्रीय' म्हटलं की भजनी मंडळ अशास्त्रीय. लावणीत मात्र बैठकीची आणि फडाची असा भेद झाला तो जागेवरून. बैठकीत अदा बारकाईने बघायची, फडावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची. हा भेद कामाचा आहे. त्यातली एकच सभ्य मानायची हा भेद मानापमानाचा, आणि तो गाण्यातून आलेला नाही.

त्याच वर्षी, तळघरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, संसदेत आणखी एक व्याख्या लिहिली जातेय. दोन वर्षांपूर्वी कॅसलमॉर्टनच्या माळरानावर हजारो लोक परवानगीशिवाय दिवसचे दिवस नाचले. त्यावर आलेला फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्था कायदा रात्रीच्या उघड्यावरच्या मेळाव्यांतलं कुठलं संगीत थांबवता येईल हे सांगतो, आणि सांगताना आवर्ती ठोक्यांच्या मालिकेने ओळखलं जाणारं संगीत त्यात धरतो. पोलिसासाठी कप्पा तयार. वारीतला टाळ-मृदंग या व्याख्येत बसतो का, असा विचार तुमच्या मनात येऊन जातो.

ऑटेकर या जोडीने त्यावर 'अँटी' नावाची रेकॉर्ड काढली. वेष्टनावरच्या चिकटपट्टीत म्हटलं होतं की पहिल्या दोन रचनांत आवर्ती ठोके आहेत, कायदा झाला तर त्या मेळाव्यात वाजवू नका. तिसरी अशी बांधलीय की एकही मात्राखंड दुसऱ्यासारखा नाही, ती वाजवा, पण वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ ठेवा. हसू येतं. पण संगीताची व्याख्या करून माणसांची गर्दी मोडायला निघालेल्या कायद्याला याहून नेमकं उत्तर दुसरं नव्हतं.

लंडन, २००४

कोरा पुठ्ठा. पूर्व लंडनमधल्या सरकारी इमारतींच्या गच्च्यांवरून चोरट्या रेडिओची प्रक्षेपणं चालतात. तिथल्या पोरांचं संगीत 'गॅरेज' नावाच्या क्लब-संगीतातून निघालंय, पण गॅरेजवाले ते आपलं मानत नाहीत. वायली नावाचा कलाकार स्वतःच्या बर्फासारख्या थंड आवाजाला 'एस्की' म्हणतो. ते काही टिकत नाही. वैतागून तो एक गाणं काढतो, त्याचं शीर्षकच 'वॉट डू यू कॉल इट?', म्हणजे तुम्ही याला म्हणता तरी काय? लोकांनी 'ग्राइम' म्हटलं, म्हणजे मळ, काजळी, आणि तेच राहिलं. ॲटकिन्सने दिलेलं नाव चाललं, वायलीने दिलेलं चाललं नाही. आपल्या कामाला नाव देण्याचा हक्क कलावंताला आहे. ते नाव रुळेल याची हमी कुणालाच नाही.

मुंबई, १९८२

आता पाट्या संपल्या, हातात फक्त ती रेकॉर्ड आहे. तिला धरून तुम्ही घरी येता, बेचाळीसहून जास्त वर्षं आधीच्या घरी. दोन वर्षांपूर्वी 'कुर्बानी'तल्या गाण्याने देशाला डिस्को शिकवला, वर्षाच्या शेवटी 'डिस्को डान्सर' लागणार आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवणारे चरणजित सिंग परदेशातून आणलेल्या तीन रोलंड यंत्रांसमोर बसलेत: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ठेका-यंत्र आणि ती चंदेरी पेटी, टीबी-३०३. शिकागोतल्या पोरांच्या हाती ती लागायला अजून अवकाश आहे. सिंगांनी तबल्याला सुट्टी दिलीय. ठेका डिस्कोचा, वर भैरव, ललित, भूपाली, तोडी, यमन, मालकंस, असे दहा राग.

ते वाजवतात आणि तुमच्या ध्यानात येतं की हे म्युझिक बॉक्ससारखं का लागतंय. ३०३ ला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येतं, आणि मींड हेच तर करते. रागात स्वर ठरलेले, षड्ज हलत नाही, पाश्चात्त्य गाण्यासारखे कॉर्ड बदलत नाहीत. ॲसिड हाउसही एकाच पट्टीवर ठाण मांडून बसतं. एकच यंत्र, आणि जागच्या जागी राहून खोल जाणारं संगीत. दोन ठिकाणी जवळपास एकच आवाज निघाला यात चमत्कार नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काही माग नाही.

मग वेष्टनावर काय लिहायचं? सिंग लिहितात डिस्को, कारण त्यांच्या मनात डिस्कोच आहे आणि दुकानात गिऱ्हाईक तेच मागतंय. रेकॉर्ड फारशी खपत नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या, एडो बाउमनच्या, हाती ती लागते. २०१० मध्ये तो ती पुन्हा काढतो आणि जगभर बातमी होते: 'पहिलं ॲसिड हाउस मुंबईत!' वाक्य इतिहास म्हणून चूक आहे. पण त्या चुकीच्या पाटीनेच लोक त्या कप्प्यापाशी आले, आणि सत्तरीतल्या चरणजित सिंगांना युरोपातल्या नाचणाऱ्या पोरांसमोर मंचावर बसता आलं. ५ जुलै २०१५ ला ते मुंबईत गेले.

गिरगाव, आज

पंखा तसाच. आजोबा पेपरच्या शेवटच्या पानावर आलेत. मुलगा अजून दारात.

"विचारलंत?" काका म्हणतात.

तुम्ही सांगता. गिऱ्हाइकाला वाट दाखवायला कुणी ठेवलं, आवाज ओळखायला कुणी, 'आम्ही वेगळे' म्हणायला कुणी, माल खपवायला कुणी, दुसऱ्याला खालचं ठरवायला कुणी आणि हातकडी घालायलाही कुणी. पाट्या फेकून द्याव्यात असं तुम्हाला आता वाटत नाही. पाट्या नसत्या तर तळघरातलं ते पोर शनिवारी अडखळलं असतं आणि ही रेकॉर्ड कुठल्यातरी गठ्ठ्यात राहिली असती. पण प्रत्येक पाटी कुणी, कुणासाठी लिहिली हे बघूनच तिच्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवायचं. 'बुद्धिमान' लिहिलेली पाटी तुमच्या हातून तरी लागणार नाही.

"ते सगळं ठीक," काका म्हणतात. "ही कुठल्या कप्प्यात?"

नाव दोन गोष्टी सांगतं, कसं वाजतं आणि कुठून आलं. या रेकॉर्डीचा आवाज ॲसिड हाउसचा, कूळ मात्र मुंबईच्या डिस्कोचं. प्रत एकच, दोन कप्प्यांत ठेवता येत नाही. तुम्ही ती 'डिस्को'मध्ये ठेवता, कारण करणाऱ्याने तेच नाव दिलं होतं. मग कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी फाडून, ग्रंथालयातल्या जुन्या कार्डांवर असायचं तसं, पेन्सिलने लिहिता: 'चरणजित सिंग, १९८२. पाहा: डिस्को.' ती पट्टी 'ॲसिड हाउस'च्या कप्प्यात सर्वांत पुढे उभी करता.

मुलगा वाकून चिठ्ठी वाचतो आणि शेजारच्या कप्प्याकडे सरकतो.

काका चष्मा पुसतात. खोक्यात अजून चाळीस रेकॉर्डी आहेत.